चार चाकं, चार लिंबं

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतला सगळ्यात अवघड चढ म्हणजे गेटजवळचा गतिरोधक. तरीही गेल्या दसऱ्याला फोर व्हील ड्राइव्हचा एक दांडगा पिकअप आमच्या पार्किंगमध्ये उभा होता आणि मी त्याच्याभोवती हिमालयातून परतल्यासारखा फिरत होतो. गाडी माझी नव्हती. पिंपळगाव बसवंतजवळ माझ्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे, नाल्याच्या पलीकडे. पाऊस लांबला की तिथे साधी गाडी रुतते, म्हणून त्याने ती घेतली होती. ऐन दसऱ्याच्या तोंडावर तो तापाने पडला, तेव्हा मीच म्हणालो, "दादा, गाडी माझ्याकडे दे. सर्व्हिसिंग करून, रीतसर पूजा करून आणतो. तुम्ही नुसती राबवता तिला." त्याने किल्ली दिली, आणि बांधावरच्या झाडाची पिशवीभर लिंबंही.

मी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, हे इथेच सांगून टाकतो. पुढे सांगायला लाज वाटेल.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "घ्या सर, पुढे." दुसरा कोणी असता तर गाडी हातभर पुढे घेऊन श्रीखंडाकडे वळला असता. पण समोर चार माणसं उभी दिसली की मला वर्ग भरल्याचा भास होतो. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून समजावलं, की एरवी या गाडीची मागची दोनच चाकं जोर लावतात. पुढची बिचारी नुसती ढकलली जातात. म्हणजे पुढची दोन लिंबं स्वतःच्या ताकदीवर फुटतच नाहीत. अशी पूजा अर्धवट. या गाडीत मात्र गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी आहे. ती इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही वाटून देते. एवढं बोलून मी छोटा दांडा मागे ओढला, समोर हिरवा दिवा लागला आणि चारही लिंबं शास्त्रशुद्ध फुटली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

"फुटली ना? आता जेवायला चला," बायको म्हणाली.

मी दांड्याला झेंडूची माळ गुंडाळली, दुसरी जाडजूड माळ स्टिअरिंगपुढच्या वेगाच्या काट्यांवरून आडवी सोडली, आणि जेवायला गेलो. दांडा तसाच राहिला. दिवा झेंडूखाली गेला.

पुढचे तीन दिवस मी सोनं वाटत गावभर फिरलो. वळणावर स्टिअरिंग जड लागायचं, गाडी आतून आखडायची, टायर कुरकुरायचे. मला वाटायचं, भारी गाडी म्हणजे अशीच असणार. एका साडूला तर मी म्हणालोही, की ही चालवायला मनगटात जोर लागतो. चौथ्या दिवशी आमच्याच पार्किंगमध्ये गाडी वळवताना खालून धाडकन आवाज झाला, काहीतरी खडखडलं आणि जमिनीवर तेल पसरलं.

अध्यक्ष धावत आले. "सर, दृष्ट लागली. त्या दिवशी फार लोक बघत होते." त्यांनी लगेच लिंबू आणि सात मिरच्या आणायला माणूस पिटाळला. मी काटे बघायला समोरची माळ बाजूला केली, तर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मला सगळं एका क्षणात कळलं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो; कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, तो सगळा ताण त्या पेटीतल्या साखळीवर येतो. हे मी फळ्यावर अर्ध्या तासात सिद्ध करून दाखवलं असतं. गाडीवर सिद्ध करायला मला तीन दिवस लागले.

मी कुणाचं लक्ष नाही असं बघून दांडा पुढे सरकवला. अध्यक्ष तोवर बंपरला मिरच्या बांधत होते.

दादाला फोन केला. खरं सांगायचं ठरवलं होतं. पण त्याने "काय झालं रं?" विचारलं, आणि माझ्या तोंडून प्राध्यापक बोलला. "ट्रान्सफर केस गेली. नाल्यातून जोर लावून लावून आतून झिजली असणार."

तो म्हणाला, "माझंच चुकलं आसंल."

गाडी टो करून देवळाली कॅम्पला नेली. तिथले मिस्त्री फौजेत गाड्यांच्या कामावर होते, आता स्वतःचं गॅरेज चालवतात. त्यांनी पेटी खाली उतरवली, तुटलेली साखळी बोटावर टांगून माझ्यासमोर धरली आणि फुटलेलं कवच दाखवलं. "सर, ये कीचड का काम नहीं. सुक्या डांबरावर फोर व्हीलमध्ये फिरवलीय कुणीतरी. आमच्याकडे नवा रंगरूट असं करायचा. मग त्याला डोक्यावर रायफल धरून मैदानाला दहा चकरा."

"मग शिकायचा?" मी विचारलं.

"लगेच. तो काय शिकलेला थोडाच असायचा."

कवच दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, पूर्ण पेटीच बदलायची होती. मोडीत निघालेल्या गाडीची चांगली पेटी मिळून ती बसवेपर्यंत आठ दिवस गेले. या आठ दिवसांत दादाचा रोज फोन. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "मी नाल्यातच दांडा वढायचो, वर आलं का सोडायचो. त्येच चूक का?" मी म्हणालो, बघू. मग एकदा म्हणाला, "हाताला अंदाज राहिला नाय वाटतं." पाचव्या दिवशी म्हणाला, "तुझी वहिनी म्हणती, गाडी इकून टाका. आता वय झालं. गिऱ्हाईक बघितलंय." दर वेळी मी खरं सांगायला तोंड उघडायचो आणि दर वेळी तब्येत सांभाळ म्हणून फोन ठेवायचो. बायकोला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मिरच्या बदलायच्या का?"

आठव्या दिवशी दादा बसने देवळालीच्या गॅरेजवर आला; मी आधीच पोचलो होतो. तापातून उठलेला, हडकलेला. काखेत गाडीची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. मिस्त्रींनी जुनी पेटी समोर ठेवली आणि विचारलं, "चालवत कोण होतं?"

दादाने हात वर केला. साठी उलटलेल्या माणसाने, वर्गात उभं केल्यासारखा. "मी," तो म्हणाला.

ज्याने माझ्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा नववीत सोडली, त्याचा तो हात मला बघवेना.

"तो नाही, मी," म्हणालो. मग सगळं सांगितलं. लिंबं, व्याख्यान, झेंडू, दिवा आणि फोनवरचं खोटं. मिस्त्री तोंड फिरवून पाने पुसायला लागले.

दादाने विचारलं, "चारी लिंबं?"

"चारी."

"आन् मला म्हनलास, नाल्यानं झिजली." त्याचा आवाज चढला. "आठ दिस झोप नाय मला. वाटलं, आपले हातच गेले. काल मोटारसायकलला किक मारायला भ्यालो मी."

मला लाज वाटत होती, आणि ती वाटत राहावी असंही वाटत होतं.

त्याने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. "गाडी इकायची नाय," म्हणाला, आणि पिशवीची गाठ पक्की आवळली. बंपरच्या मिरच्या ओढून काढल्या. मग स्टिअरिंगवर बसला. मी शेजारी. पिंपळगावपर्यंत त्याने गाडी अशी चालवली की माझ्या मांडीवरची कागदपत्रं हलली नाहीत.

नाल्याच्या काठावर त्याने गाडी थांबवली. पाणी गुडघाभर होतं, खाली चिखल. त्याने माझा हात धरून दांड्यावर ठेवला.

"वढ आता. हितं वढायचा असतो."

मी ओढला. हिरवा दिवा लागला. गाडी पाणी कापत पलीकडे चढली. वर कोरड्या वाटेवर आल्यावर त्याने पुन्हा थांबवली आणि मी आपणहून दांडा सोडेपर्यंत गाडी हलवली नाही.