भिंतीकडं तोंड केलेली डिश

गल्लीत भंगारवाला आला की हातगाडी थांबवून आधी माझ्या गच्चीकडं बघतो. "वो छत्री निकालने की क्या, बाजी?" दर दोन महिन्यांनी तो विचारतो आणि दर दोन महिन्यांनी मी त्याला हाकलते. त्याचंही चुकत नाही म्हणा. माझ्या डिशचं तोंड शेजारच्या इमारतीकडं आहे आणि ती इमारत गच्चीपासून पाच-सहा हातांवर. भिंत बघून डिशला काय दिसणार? वायर तर मीच कधीची काढून टाकली. पण डिश तशीच आहे, आणि मी आहे तोवर तिला कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

ती मी बसवली. मेकॅनिकनं नाही, मी स्वतः, आईसाठी. जेमतेम चार महिने चालली, मग ही इमारत आडवी आली. आईला जाऊनही आता सहा वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही, हे इथंच सांगून टाकते, नायतर वाचणारा शेवटपर्यंत जावई शोधत बसेल. वडील आधीच गेलेले. उस्मानपुऱ्यातल्या त्या बैठ्या घरात आम्ही दोघीच होतो.

आई बीदरकडची. लग्न होऊन औरंगाबादला आली तेव्हा तिला मराठी येत होतं ते आरत्यांपुरतं. मग गल्लीतल्या बायकांकडून ती मराठी शिकली, त्यांच्या 'लई' आणि 'व्हय'सकट. माझ्याशी मात्र कानडीतच बोलायची. मी लहान होते, मला सगळं समजायचं. उत्तर मी मराठीत द्यायचे आणि आमचं छान चाललं होतं.

मी चौथीत असताना एकदा ती मला घ्यायला शाळेच्या फाटकाशी आली आणि लांबून हाक मारली, "बा इल्ली!" म्हणजे इकडं ये. तिचा आवाज तेव्हा खणखणीत होता. माझ्या वर्गातल्या पोरी हसल्या. एक म्हणाली, "तुझी आई यंडुगुंडू बोलते का गं?" मी घरी येईपर्यंत आईशी बोलले नाही. घरी आल्यावर दप्तर फेकलं आणि म्हणाले, "माझ्या शाळेत असं बोलायचं नाय. नायतर येऊच नको."

 आई रागावली असती, एखादी ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कानडी बोलणं बंद केलं. शाळेतच नाही, घरात पण. मला जेवायला मराठीत बोलवायला लागली, हळू आवाजात, चुकतंय का बघत बघत. मला वाटलं, जिंकले. नऊ वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार? हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. त्यानं काही फरक पडत नाही.

त्यानंतर तिची कानडी उरली ती मावशीपुरती. मावशी बीदरलाच होती. दर गुरुवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि मग आई पाऊण तास दुसरीच बाई असायची. हसायची, भांडायची, मध्येच जोरात "अय्यो" म्हणायची. मी खोलीत गेले की आवाज लहान करायची. मला हे दिसायचं. मी मुद्दाम बाहेर निघून जायचे, पण 'असू दे, बोल मोठ्यानं' असं एकदाही म्हणाले नाही.

आमच्याकडं लागोपाठ दुष्काळ पडला, त्याच्या पहिल्या वर्षी मावशी गेली आणि गुरुवारचा फोन थांबला.

पुढं काही महिन्यांनी आई स्वयंपाकघरात फोडणी टाकता टाकता थांबली. तेल जळायला लागलं तरी ती हातातल्या कढीपत्त्याकडंच बघत होती. मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "ह्याला आमच्यात काय म्हणतात, आठवंना गं." मी म्हणाले, आठवेल. ती म्हणाली, "कुणाला विचारू? बोलायला कोण हाय आता? एकेक करून समदेच शब्द जातील माझे." ती रडत नव्हती. नळाला पाणी नाही हे सांगावं तशी सांगत होती.  ते शब्द घालवले कोणी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी केबलवाल्याला गाठलं. कानडी चॅनल दे म्हटलं तर त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "इधर कौन देखता बाजी वो?" त्याच्याशी तासभर डोकं लावून हात टेकले. मग कोणीतरी सांगितलं की फुकटची डिश मिळते, महिन्याचं काही नाही, आणि तिच्यात एक कानडी चॅनल येतं. मी त्याच संध्याकाळी खोकं घरी आणलं. दुकानदार म्हणाला, रविवारी मेकॅनिक येईल. असे तीन रविवार गेले. त्याला तरी किती वेळा विचारायचं? चौथ्या रविवारी डोक्यात राख घालून मीच पाना घेतला.

घाई करायला कारण होतं. शेजारच्या प्लॉटवर चार मजली इमारत होणार होती. शहर तेव्हा सगळीकडून फुगत होतं, पैठण रोडनं तर चितेगावपर्यंत प्लॉट विकायच्या पाट्याच पाट्या, आणि आमच्या गल्लीतली बैठी घरं एकेक करून पडत होती. त्या प्लॉटवर पहिला स्लॅब पडला आणि काम थांबलं, कारण पाणीच नव्हतं. आम्हाला नळ आठवड्यातून एकदा, तिथं स्लॅबवर मारायला पाणी कुठून आणणार? आणि नेमकं त्याच बाजूला, आग्नेयेला, डिशचं तोंड करायचं होतं. इमारत उठली की ते आभाळ झाकलं जाणार. म्हणजे पाऊस पडेपर्यंतच आम्हाला सवड होती. अख्खं शहर हंडे घेऊन टँकरमागं पळत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस असंच राहू दे. लाज वाटायची. तरी म्हणायचेच.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तयार भाग मोजून पास-नापास करायचे. केसाएवढा फरक सोडत नव्हते. त्यामुळं डिश म्हणजे काय, असा माझा तोरा होता. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, होकायंत्र घ्या. घेतलं. गच्चीवर नेलं तर काटा झिंगल्यासारखा फिरायला लागला. इथं उभी राहिले की एक दिशा, तिथं उभी राहिले की दुसरी. अर्धा दिवस घालवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. वडिलांनी पुढं वरचा मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया उभ्या सोडल्या होत्या. चारी बाजूंनी लोखंड, होकायंत्र करणार काय? ते होकायंत्र मी रागारागानं पिठाच्या डब्यात टाकलं, का ते मला आजही सांगता येणार नाही.

वाट सापडली ती कंपनीच्या फाटकाशी. समोर कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती आणि प्रत्येक पत्र्यावर हीच फुकटची डिश. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मार्च महिना होता. अकराच्या चहाच्या सुट्टीत बाहेर आले तर सूर्य बरोबर त्या डिशांच्या तोंडासमोर होता. पाच दिवस रोज बघितलं. सव्वाअकराच्या सुमाराला सूर्य तिथंच. ताटली आडवी किती, उभी किती, तेही बघून घेतलं. मी समजत होते त्यापेक्षा ती बरीच उभी असते. सोबतच्या बायका म्हणाल्या, ही उन्हात उभी राहून काय बघती? म्हटलं, मुलगा बघतेय.

रविवारी अकरापासून तयारीत बसले. डिशच्या पायावर दोन विटा आणि आईचा जुना पाटा ठेवला, वाऱ्यानं हलू नये म्हणून. आई खाली टीव्हीसमोर. तिला सगळं समजावलं. पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या आहेत, खालची हिरवी झाली की चित्र येणार, आणि चित्र आलं की खिडकीतून ओरडायचं, "आलं". तेवढंच तिचं काम. बरोबर सव्वाअकराला डिश सूर्याकडं केली आणि बोटभर इकडं, बोटभर तिकडं फिरवायला लागले.

"आलं का?"

"नाय."

"आता?"

"नाय गं."

असं बराच वेळ चाललं. मग एकदा विचारलं तर खालून उत्तरच नाही. मला वाटलं, पाणी प्यायला उठली असेल. अजून थोडी फिरवली. परत विचारलं. काही नाही. घसा फोडून ओरडले तरी गप्प. शेवटी तणतणत जिना उतरले. आई टीव्हीच्या अगदी जवळ उभी होती, एक हात टीव्हीवर ठेवून. पडदा निळा होता.

"आलं व्हतं," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाय?"

"एक बाई भाकरी थापीत व्हती. बोलत व्हती." आई माझ्याकडं बघतच नव्हती. "मी वरडले असते तर तिचं ऐकू आलं नसतं."

मी चिडणार होते. त्याऐवजी जिन्याकडं वळले.

परत वर जाणार तेवढ्यात गल्लीत गलका झाला, नळ आला. आठवड्याचं पाणी. डिश-बिश सगळं सोडून आम्ही दोघी हंडे, बादल्या, पिंप भरत बसलो. पाणी गेलं तेव्हा सूर्य पार पलीकडं गेला होता. मी अंदाजानं फिरवून बघितलं, काही नाही. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ऐकलं तेवढं लई झालं."

कसलं लई झालं? पत्र्यावरच्या पाखरासारखं क्षणभर बसलं आणि उडालं. त्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर टँकर आला. मग विटांचा ट्रक. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, मालकानं बोअर मारलाय, पाणी लागलं, आठ-पंधरा दिवसांत वर चढू. इतकी वर्षं लोकांचे बोअर कोरडे गेले, आणि ह्याच्याच बोअरला पाणी लागायचं होतं. घरी येऊन मी देवासमोर बसले आणि भांडले. 

पुढचा रविवार. पाटा तोच, विटा त्याच. ह्या वेळी डिशच्या पायाभोवती खडूनं खुणा केल्या, म्हणजे कंपनीत करतो तसं, हलवलं किती ते कळावं. आईला बजावलं, "आधी ओरडायचं, मग ऐकायचं." ती म्हणाली, "व्हय बाई, कळलं." सव्वाअकरा झाले. ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. एक खूण. दुसरी खूण. "नाय." तिसरी. "नाय." शेजारच्या स्लॅबवर दोन गवंडी उभे राहून माझी मजा बघत होते. माझं लक्ष नव्हतं. मी चौथ्या खुणेकडं सरकले, अगदी केसभर.

आणि खालून आवाज आला.

"बंतु! बंतु!"

तो माझ्या ओळखीच्या आईचा आवाज नव्हता. माझी आई हळू बोलायची, शब्दागणिक विचारून बोलायची. हा आवाज मोठा होता, खणखणीत, गवंडी वळून बघायला लागले एवढा. असा आवाज तिनं मला शेवटचा दिला होता तेव्हा माझ्या पाठीवर दप्तर होतं.

बंतु म्हणजे आलं. मला समजलं. तीस वर्षं त्या भाषेतलं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं, तरी लगेच समजलं, विचार करावा लागला नाही. सगळं होतं तसं होतं आत. मी नट आवळला, घट्ट, दोन्ही हातांनी. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग कठड्यावरून खाली वाकले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं विचारलं, "काय? ऐकू नाय आलं."

आई अंगणात आली. तोंड वर केलं, उन्हात डोळे बारीक केले, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं परत म्हणाली, "बंतु."

मी अजून एकदा विचारलं.