आबांची सात खोडं

काल जिथं सायकल लावली तिथं आज लावू देणार नाही, असा एकच स्टँडवाला मी धुळ्यात पाहिला. आमच्या कचेरीच्या आवारात सात कडुनिंब होते आणि त्यांच्या सावलीत आबा सायकली सांभाळायचे. "भाऊ, तठे लाव. हाई रांग आज आराम करी ऱ्हायनी." आम्ही कारकून मंडळी हसायचो. सायकलींना कसला आलाय आराम! पण आराम मुळांना होता. रोज एकच जागा तुडवली तर माती दगड होते, झाड गुदमरतं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्यावर त्यांचा फार जीव. सायकल पंक्चर झालेली दिसली तर मला न सांगता पंक्चर काढून आणायचे.

आबा साक्रीकडचे. उभा जन्म जंगलतोडीच्या मजुरीत गेलेला. तिकडे जंगलाचे तुकडे पाडून दरवर्षी एकेक तोडतात, त्या तुकड्याला कूप म्हणतात. तोडलेल्या कुपात मग वर्षानुवर्षं कुऱ्हाड न्यायची नाही. जमिनीत उरलेल्या खोडांना फुटवे येतात, पुन्हा रान उभं राहतं. एकच कूप आबांनी तरुणपणी तोडलं आणि म्हातारपणी पुन्हा तोडलं, याचा त्यांना कोण अभिमान! तोडण्याचं दुःख असं त्यांना नव्हतंच. "खोड शे ना, मंग झाड शे," एवढंच म्हणायचे.

नेमकं हेच आमच्या साहेबांच्या कामी आलं. स्कूटरी वाढल्या होत्या, पार्किंग हवं होतं. म्हातारा आडवा पडला तर गावभर बोभाटा होईल, म्हणून मला बोलावलं. "तुझं ऐकतात ते. झाडं कापतोय, पण खोडं राहतील, असं सांग." खोडं उपटून डांबर टाकायचं, हे टिपण मीच टाइप केलेलं. तरी गेलो आणि खोटं बोललो. खरं सांगतो, माझाही बुक केलेल्या स्कूटरचा नंबर लागला होता.

आबांनी तर स्वतः उभं राहून झाडं कापून घेतली. खोड जमिनीलगत हवं, पाणी साचू नये म्हणून वरून उतरतं हवं. मजुरांना दोन-दोनदा करवत फिरवायला लावली. महिन्याभरात तांबूस फुटवे आले, तेव्हा मला हाताला धरून दाखवायला नेलं. "देख भाऊ, बठ्ठा फुटनात!" मी "वा आबा!" म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

पुढच्याच आठवड्यात कुदळी-पहारी घेऊन माणसं आली. संध्याकाळपर्यंत सातही खोडं मुळासकट ट्रॉलीत पडली. आबा त्यांच्यावर ओरडले नाहीत. सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"तुले माहीत व्हतं?"

मी फायलीचं पान उलटलं.

"तू सांगं म्हनीसन मी कापू दिधं," म्हणाले आणि गेले.

नव्या पार्किंगवरही आबांनाच ठेवलं. पहिल्या दिवशी मी नवी कोरी स्कूटर घेऊन गेलो, तर डोक्याला टॉवेल गुंडाळून भर उन्हात उभे होते. 'भाऊ' म्हणतील म्हणून मी उगाच रेंगाळलो. पहिला निंब होता तिथं आता दोन पांढरे पट्टे होते. आबांनी तिकडे बोट केलं.

"इथं लावा, साहेब. रोज इथंच लावली तरी चालेल."