बाबांचा पलंग अजून समुद्रात

इकडे परदेशात, आमच्या वेरिबी उपनगरात, आपल्या लोकांची एक रीत आहे. पुण्याहून नवं बिऱ्हाड आलं की आपलं जुनं फर्निचर त्यांना द्यायचं. आम्हालाही तसाच एक पलंग मिळाला होता, उंच आणि दणकट. आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे येणार होते, जमलं तर कायमचे. त्यांच्यासाठी मी नवा पलंग बुक केला आणि मोठ्या उदारपणे जुना एका नव्या जोडप्याला देऊन टाकला. नवा घरात येईपर्यंतही धीर धरला नाही. हा शहाणपणा सर्वस्वी माझा.

बाबा आले, पलंग आला नाही. दुकानदार म्हणाला, "स्टिल ऑन द वॉटर. टेन वीक्स, मेबी." पलंग व्हिएतनामहून निघाला होता. आणखी चार दुकानं पालथी घातली. शोरूममधलं सगळं नुसतं बघण्यापुरतं, माल बोटीनेच येणार. एका सुताराला फोन केला, तर तो घरं बांधण्यात गुंतलेला, पुढच्या वर्षाआधी वेळ नाही. एवढा श्रीमंत देश, आणि एका म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला पलंग मिळू नये. माझा नुसता संताप झाला, पण तो काढायचा कुणावर?

आमचा स्वतःचा पलंग फॅशनचा, जमिनीपासून वीतभर. बाबांचे गुडघे गेलेले. त्यावरून काय नि खालच्या गादीवरून काय, त्यांना एकट्याने उठता येईना. हॉस्पिटलसारखा भाड्याने आणते म्हटलं, तर म्हणाले, "मी पेशंट आहे का?"

नवरा म्हणाला, "जुना परत मागू या ना. दे विल अंडरस्टँड."

बाबांनी ते ऐकलं. "त्या मुलीला सातवा महिना आहे. दिलेलं मागायचं नाही."

मग रोज सकाळी ते हाक मारायचे आणि मी काखेत हात घालून त्यांना उभं करायची. तेवढा वेळ ते भिंतीकडे बघत राहायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हाक आलीच नाही. घाबरून गेले, तर बाबा डायनिंगच्या खुर्चीत शाल पांघरून ताठ बसलेले. गादीवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती.

"रात्रभर असेच बसलात?"

"आडवा झालो की तुला उठवावं लागतं. तुला ऑफिस असतं."

मला रडू आवरेना. "बाबा, सात आठवडेच राहिलेत. मग येईल पलंग."

"तिकीट अलीकडचं कर," ते शांतपणे म्हणाले. "घरी माझा मी उठतो."

राहा म्हणायला तोंड होतं कुठे मला? मी लॅपटॉप उघडला. पुढच्या मंगळवारी जागा होती. खिडकीची हवी का, असं विचारलं.

"कडेची घे," बाबा म्हणाले. "उठताना कुणाला त्रास नको."