उजव्या कानाशी

सकाळचे नऊ वाजलेत. रात्रपाळी करून आलेली वनिता खिडकीला चादर बांधते आणि नर्सेस हॉस्टेलमधल्या आपल्या लोखंडी कॉटवर अंग टाकते. खाली नळावर कुणीतरी बादली आपटतंय. तो आवाज लांब लांब जातो, त्याचा ढोल होतो, आणि ढोलाच्या मागून क्लॅरोनेट सुरू होतं. कोण वाजवतंय हे तिला मिटल्या डोळ्यांनीच कळतं.

आबा कॉटच्या पायथ्याशी बसलेत. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावरची झालर उसवलेली. लहू अवघडे, तिचे वडील. त्यांना जाऊन चार महिने झाले. तिला ते माहीत आहे, त्यांनाही असावं, पण कुणीच तो विषय काढत नाही.

"जेवलीस का?" आबा विचारतात.

ती मान हलवते आणि त्यांना पाणी द्यायला उठते. पेला पुढे करते तर मध्ये लांबलचक टेबल आलेलं, त्यावर हिरवं कापड, फायली. ही बालकल्याण समितीची खोली. नऊ वर्षांपूर्वी दोघं इथं उभे होते.

तेव्हा ती सोळाची होती. आई वारलेली, आबा लग्नसराईत महिना महिना बाहेर. घरात एकटी पोर, उद्या काही वेडंवाकडं झालं तर, असं चुलत्यानं त्यांच्या मनात भरवलं आणि एकतीस वर्षांचं स्थळ आणलं. आबांनी होकार दिला. हळदीच्या आदल्या दिवशी वनितानं शाळेतल्या बाईंच्या फोनवरून चाइल्डलाइनला कळवलं आणि लग्न थांबलं. अठरा पुरी होईस्तोवर लग्न करणार नाही, असं हमीपत्र द्यायला आबा तयार होते. पण समितीतल्या बाईंनी तिलाच विचारलं, तुला कुठं राहायचंय? ती टेबलाकडे बघत, अगदी हळू बोलली. ढोलाशेजारी वाजवून वाजवून आबांचा डावा कान कामातून गेलेला, आणि ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. आबांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, मान डोलावली, बोट दाखवलं तिथं सही केली. तिला बालगृहात पाठवलं. ते एकदाही भेटायला आले नाहीत. पुढे ती नर्सिंग शिकली, नोकरीला लागली, पण तीही गावाकडे फिरकली नाही. ते गेल्याचा निरोपसुद्धा दहावं उरकल्यावर आला.

आता खोलीत दुसरं कुणी नाही.

"त्या दिवशी तू काय म्हणलीस?" आबा विचारतात.

"कुठल्या दिवशी?"

"सही केली तवा. मला काय ऐकू आलं न्हाई. परत इचारायची लाज वाटली."

"कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"तुझा चुलता म्हणला, पोरगी म्हणली, बाप नको."

वनिताच्या हातातला पेला कधीच नाहीसा झालाय. "मी असं नव्हते म्हणाले," ती म्हणते. पण टेबल संपत संपत मांडवात शिरलंय, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा लागल्यात आणि ढोल सुरू झालाय. आबा उठून बँडच्या ओळीत जाऊन उभे राहतात. सगळे कोट लाल, सगळ्या पाठी सारख्या. ती एकेका पाठीमागून धावते, प्रत्येकाच्या उजव्या बाजूला जाऊन तोंड बघते. शेवटी ते सापडतात. ती त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेते. कान गार आहे.

"आबा, मी म्हणाले, मला घरी जायचं नाही. घरी. तुम्ही नको, असं नव्हतं."

आबा क्लॅरोनेट खाली घेतात.

"घरात दुसरं होतं कोण, वने?"

ती लहानपणीसारखी घाईघाईनं सांगते, की तिला शिकायचं होतं. नुसतं शिकायचं होतं.

"मग तसं सांगायचं मला."

"सांगितलं होतं. त्याच महिन्यात. मी भाकरी करत होते, तुम्ही जेवत होतात."

"कुठल्या बाजूनं?"

वनिता चूल आठवते, परात आठवते, त्यांच्या ताटातली मिरची आठवते. बाजू आठवत नाही.

आबांच्या तोंडावर राग दिसत नाही. कोटाची बटणं लावत ते निघतात. वरात लांब जायचीय, म्हणतात. रस्ता दवाखान्याच्या व्हरांड्यातून जातो, दोन्हीकडे पेशंट झोपलेत, पण आज तिला कुणाच्या झोपेची पर्वा नाही. ती मागून ओरडते, तुम्ही नको असं नव्हतं. पुन्हा ओरडते. आबा वळत नाहीत. फक्त मान डोलावतात, समितीपुढे डोलावली होती तशीच. ऐकू आलं म्हणून की आलं नाही म्हणून, ते तिला कळत नाही.

कुणीतरी तिचा खांदा हलवतंय. शेजारच्या खोलीतली दीक्षा.

"अगं, कुणाला सांगत होतीस एवढं ओरडून? खाली नळापर्यंत ऐकू येत होतं."

वनिता उठून बसते. सांगायला तोंड उघडते. शब्द निघत नाही; घसा सोलवटल्यासारखा झालाय. दीक्षा गरम पाणी आणायला जाते. ती गेल्यावर वनिता भिंतीकडे तोंड करून पुन्हा एकदा, अगदी हळू, म्हणून बघते. नुसती हवा येते.