पाऱ्याच्या खोलीतली शालू

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे — ते होणारही नाही. लपवण्याचाच थकवा आलाय, बस.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. अंधेरीला एका बंगल्याच्या माडीवर आमची छोटी प्रयोगशाळा होती. शिसं, पारा असे धातू शरीरात गेले की काय करतात, ते आम्ही शोधायचो. शालू बोरिवलीची, मी मालाडची. दोघी मैत्रिणी. पांढऱ्या उंदरांना पारा देऊन त्यांच्यात काय फरक पडतो ते बघणं माझं काम. तो पारा तापवून शुद्ध करणं शालूचं — कोपऱ्यातल्या खोलीत. ज्योत हलू नये म्हणून तिथली खिडकी कायम बंद.

मग शालू बदलली. एवढी हसरी मुलगी, पण कशावरूनही रडायला लागली. कुणी बघत असलं की हात थरथरून काचेची नळी सुटायची. एकदा डबा खाताना म्हणाली, "अगं, तोंडात सारखी तांब्यासारखी चव येते. हिरड्यांतून रक्तही येतं. तुला होतं का असं?"

"नाही गं," मी म्हणाले.

मला कळलं नव्हतं? कळलं होतं. तिथेच, त्याच क्षणी — बंद खोलीतली पाऱ्याची वाफ तिच्या अंगात भिनली होती. उंदरांमधली थरथर रोज बघणाऱ्या मला ती माणसात ओळखू येणार नाही — असं होईल का? पण बोलले असते तर खोली बंद झाली असती. माझा प्रबंध अर्ध्यावर होता.

नुसती गप्प बसले असते तरी — पण नाही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी मला एकटीला बोलावून विचारलं, "शालिनीचं काय बिनसलंय?"

"सर, तिचं ठरलेलं लग्न मोडलं ना. मनाला लावून घेतलंय तिने."

लग्न मोडलं होतं, हे खरं. पण 'सुटले बाई' असं म्हणून शालू माझ्यासमोर पोटभर हसली होती.

सरांनी तिला घरी पाठवलं. घरच्यांनी डॉक्टर केले, नवस केले. ती परत आली नाही. तिने शुद्ध करून ठेवलेला पारा मला पुरला. प्रबंध पुरा झाला — आणि मगच मी सरांना म्हटलं, त्या खोलीची खिडकी उघडी हवी. त्यांनी माझं कौतुक केलं.

पुढे माझं नाव झालं. विषबाधेची लक्षणं मी डॉक्टरांना शिकवली. शालू बरीचशी सावरली, पण लिहिताना हात कापायचा तो कापायचाच. एका दिवाळीत घरी आली. म्हणाली, "माझं मनच कच्चं गं. तू होतीस म्हणून तेवढे दिवस तरी टिकले."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तिच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

गेल्या वर्षी शालू वारली. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं, दोष तिच्याच मनाचा होता.