जेरबंद
दाना ओली नावाच्या आमच्या गल्लीत मोच्याच्या दुकानापाशी भिजलेल्या चामड्याचा वास आला की माझे पाय आजही अडखळतात. तेव्हा मी दरबारच्या पागेत नवा स्वार होतो आणि दसऱ्याच्या सवारीसाठी मला एक तांबूस घोडी दिली होती. तिला मान उधळायची खोड होती, म्हणून घोडे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या चाबुकस्वाराने तिला जेरबंद घातला. नाकावरच्या पट्ट्यापासून छातीखालून, खोगीर पोटाशी आवळणाऱ्या तंगाला जाऊन मिळणारा हा चामडी पट्टा घोड्याची मान वर जाऊच देत नाही. “पाण्यात घालण्याआधी हा खोलायचा, याद ठेव,” असं त्याने मला दोनदा बजावलं होतं. महिन्याभरात ती इतक्या डौलाने मान वाकवून चालू लागली की मी हुरळून गेलो, आणि आश्विनातल्या भरलेल्या नदीत तिला तशीच घातली. माझ्या पुढे उतरलेला चाबुकस्वाराचा घोडा मान उंच काढून पोहत पार झाला. मध्यावर माझ्या घोडीचे पाय सुटले आणि पाणी नाकावर आलं. मी खाली उडी मारून बकल ओढत राहिलो, पण चामडं फुगून घट्ट बसलं होतं. तिने दोनदा हिसका दिला. तिसऱ्यांदा दिला नाही. मी शिकवली होती तशी मान वाकवून ती शांत झाली. तिला काठावर ओढून आणल्यावरही मी बकलाशीच झटत होतो. “राहू दे रे आता,” चाबुकस्वार म्हणाला. इतकी वर्षं झाली, अंघोळीचा पहिला तांब्या डोक्यावर ओतताना माझी मान अजून आपोआप वर जाते.