मामाजींचे जपानी नातेवाईक

जगात कुठंही जाऊन उभं राहावं आणि पाच मिनिटांत आपल्या घरचं कुणीतरी भेटावं, यावर माझ्या सासऱ्यांइतका गाढ विश्वास मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. नागपूरकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणतो. पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि मामींना घेऊन ते आमच्याकडे स्कारबरोला राहायला आले. आल्या आल्या त्यांनी आसपासचे बौद्ध शोधायला सुरुवात केली. ग्रोसरीच्या व्हिएतनामी दुकानात काउंटरवरच्या बाईंना त्यांनी सरळ विचारलं, "यू बुद्धिस्ट?" बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या दुकानातली कारली कितीही सुकलेली असोत, आमच्याकडे तीच येऊ लागली. एका बस ड्रायव्हरनं "नो सर, कॅथलिक" असं सांगितलं, तेव्हा "नो प्रॉब्लेम" म्हणून त्याच्याशीही हात मिळवून झाला. बर्फ पडला की समोरच्या श्रीलंकन आजींचा ड्राइव्हवे ते आधी शोव्हल करत आणि मग आमचा. तोवर मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून खिडकीत उभा. काही बोललो तर म्हणत, "आपले लोक सगळीकडे असते जावईबापू. आपणच विचारून पाहत नाही."

अशा माणसाला जपानच्या बंदरांची क्रूझ घडवायची कल्पना माझ्या बायकोची. अख्खा बौद्ध देश पाहायला मिळणार म्हणून मामाजी महिनाभर आधीपासून सगळ्यांना 'जय भीम' घालत निरोप घेत होते. ऐन वेळी बायकोची रजा रद्द झाली, आणि बायकोशिवाय सासू-सासऱ्यांना घेऊन क्रूझवर निघालेला जावई म्हणून आमच्या ओळखीत माझं नाव झालं.

पहिला मुक्काम कोबे. जहाजावरून उतरताच मामाजींनी धक्क्यावरच्या कस्टमवाल्यापासून फुगेवाल्यापर्यंत सगळ्यांना हात जोडले. सगळ्यांनी कमरेत वाकून उत्तर दिलं. मामाजी खूश! एका गल्लीत बुद्धमंदिर सापडलं. आम्ही दारात उभे असतानाच चीवर, हेल्मेट आणि स्कूटर अशा थाटात तिथले भिक्खू आले. आतून त्यांची बायको धावत आली आणि विसरलेला डबा त्यांच्या हातात देऊन गेली. भिक्खू आले तसे स्कूटरवरून निघून गेले. मामाजी त्या धुराकडे बघत राहिले. "हा माणूस काय करून राहिला? भिक्खूला बायको?"

"म्हणून तर जेवण मिळते," मामी म्हणाल्या.

पुढचं बंदर कागोशिमा. तिथं लाल कमानीचं एक सुंदर देऊळ दिसलं. मामाजींनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि खड्या आवाजात वंदना सुरू केली. ती पुरी होईपर्यंत थांबून तिथल्या स्वयंसेवक मुलीनं हळूच सांगितलं, "सॉरी, नो बुद्धा हिअर." ते शिंतो या तिथल्या जुन्या धर्माचं देऊळ निघालं. बुद्धाचं मंदिर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिथं गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या घरातून एक माणूस डोकावला. मामाजींनी छातीवर हात ठेवून "इंडिया! बुद्धिस्ट!" असं सांगितलं. त्यानं घाईघाईनं 'नाही, नाही' असे हात हलवले आणि दार लावून घेतलं. बहुधा काहीतरी विकायला आलोय असं त्याला वाटलं असावं.

त्या संध्याकाळी जहाजाच्या बुफेत मामाजींनी ताटातला भात नुसता चिवडला. मग म्हणाले, "यांना काही वाटतच नाही आपल्याबद्दल." मी त्यांच्यापुढे आइस्क्रीम सरकवलं. ते त्यांनी तसंच वितळू दिलं.

नागासाकीला जहाज लागलं तेव्हा मामाजी पलंगावरून उठलेच नाहीत. "तुम्ही जाऊन या. मी सगळं पाहून घेतलं." मामींनी वाद घातला नाही. बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाल्या, "नका येऊ. मी जावयाला घेऊन जाते. हरवलो तर हरवलो." मग मामाजी चरफडत टोपी शोधायला लागले.

ते गाव सगळं चढावर आहे. अर्ध्या चढावर मामींचे गुडघे बोलायला लागले आणि त्या एका दारातल्या दगडी पायरीवर टेकल्या. आत पाहिलं तर छोटंसं बुद्धमंदिर. मामाजींनी तिकडे पाठ केली. तेवढ्यात अॅप्रन घातलेल्या, मामींच्याच वयाच्या एक बाई बाहेर आल्या. मामींचा हात गुडघ्यावर पाहून त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून दाखवला. दोघी हसल्या. चहा आला. चहा झाल्यावर मामी आत गेल्या आणि रोज सकाळी घरी म्हणतात तसं पुटपुटल्या, "बुद्धं सरणं गच्छामि..."

बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "आ!" करून त्या कोपऱ्यातल्या लहानशा ऑर्गनजवळ गेल्या, अॅप्रन सारखा करून बसल्या आणि वाजवत गाऊ लागल्या. शब्द तेच! पण चाल अशी की चर्चमध्ये बसल्यासारखं वाटावं. संथ आणि लांबवलेली.

मामाजी गर्रकन वळले. "एवढं हळू नसते म्हणत," असं म्हणतच ते आत आले. 'दुतियम्पि'ला, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाला, ते बाईंच्या अर्धा शब्द पुढे होते. मग आवाज खाली आला, वेग उतरला, आणि ते त्यांच्या चालीत चालू लागले. 'ततियम्पि'ची शेवटची ओळ मामी आणि त्या बाई, दोघींनीच म्हटली. बाई उठून कमरेत वाकल्या. मामाजी हात जोडून तसेच उभे राहिले. त्यांना कोपराला धरून मी चढावरून खाली आणलं.

जहाज सुटताना आम्ही डेकवर होतो. मामाजी कठड्याला धरून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. दीक्षा घेतली तेव्हा मी तिचं बोट धरून होतो. घरी येऊन दळता दळता ती हेच घोकायची. दुसऱ्यांदा म्हणताना अडायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी हसायचो. पण मला हे तिच्याकडूनच पाठ झालं. तिला कोणी सांगितलं असतं, की समुद्राच्या पार एक बाई हेच पेटीवर म्हणून राहिली..."

मामींनी शाल आणली, ती त्यांनी निमूट पांघरून घेतली. खाली धक्क्यावर निरोप द्यायला गावातली बरीच माणसं जमली होती, झेंडे हलवत होती. जहाज आणि धक्का यांच्यातलं पाणी रुंद होत गेलं.

"जावईबापू," मामाजी एकदम म्हणाले, "त्या बाईंचं नाव काय होतं?"

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. मामींनाही नाही.

धक्क्यावरच्या त्या अनोळखी गर्दीकडे बघून मामाजी हात हलवू लागले, आणि गर्दीतली माणसं वेगवेगळी ओळखू येईनाशी झाली तरी हलवत राहिले.